किल्लारी ते भुज : भूकंपानंतरचे बेघरपण आणि लांबलेले पुनर्वसन

१. प्रास्ताविक

भारतातील भूकंपांचा इतिहास शिकताना आपण तारखांची एक माळ पाठ करतो : बिहार १९३४, क्वेट्टा १९३५, कोयना १९६७, किल्लारी १९९३, भुज २००१. प्रत्येक तारखेपुढे रिश्टरचा आकडा असतो आणि मृतांचा आकडा असतो. बेघर झालेली कुटुंबे पुन्हा पक्क्या घरात कधी गेली, ही तारीख मात्र या माळेत कुठेच नसते. धक्का मिनिट-दीड मिनिटात ओसरतो. त्यानंतरचा तंबूतला, पत्र्याच्या शेडमधला, नातेवाइकांच्या पडवीतला काळ काही वर्षे चालतो. माणसांच्या आयुष्यात खरी उलथापालथ होते ती याच काळात.

हा काळ इतका लांबतो का, हा या पाठाचा प्रश्न आहे. पैसे कमी पडले, सिमेंट मिळाले नाही, सरकार सुस्त होते, ही नेहमीची उत्तरे आहेत आणि त्यांत थोडेथोडे तथ्यही आहे. पण किल्लारी आणि कच्छ येथे पैसा आला, सिमेंट आले आणि शासनही कामाला लागले होते. तरीही काही कुटुंबे लवकर घरात गेली, काही पाच-पाच वर्षे थांबली आणि काहींना घर मिळालेच नाही. हा फरक कसा पडला हे समजून घ्यायचे तर तीन प्रश्न विचारावे लागतात : घर कोणाला मिळणार? घर कुठे होणार? घर कोण बांधणार?

मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. घर का पडले याचे उत्तर आम्ही भिंतीत आणि छपरात शोधतो. ते उभे राहायला इतका वेळ का लागला याचे उत्तर मात्र बऱ्याचदा तलाठ्याच्या दप्तरात सापडते. (महाराष्ट्रातील तलाठी म्हणजे इतर राज्यांतील पटवारी किंवा लेखपाल.) या पाठात आपण भिंतीपासून सुरुवात करून दप्तरापर्यंत जाऊ.

२. किल्लारी : काय पडले आणि का पडले

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी महाराष्ट्राच्या लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, पेठ सांगवी, होळी, राजेगाव अशी तेरणा नदीच्या परिसरातील गावे जवळजवळ पूर्ण कोसळली. सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे १६ हजार जखमी झाली. पाठोपाठ आलेल्या पावसाने ढिगारे उपसण्याचे काम आणखी कठीण केले.

जगातील भूकंपांच्या मानाने ६.२ ही तीव्रता फार मोठी नाही. मग एवढी हानी कशामुळे झाली? हादऱ्याचा उगम उथळ होता आणि वेळ झोपेची होती, ही दोन कारणे झाली. तिसरे कारण घरांच्या बांधणीत होते. या भागातील जुने घर म्हणजे दोन-अडीच फूट जाड दगडी भिंती आणि वर माळवद. भिंत जाड दिसे, पण प्रत्यक्षात तिच्यात दगडांचे दोन वेगळे थर असत. मधली पोकळी बारीक दगड आणि मातीने भरलेली असे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच घातलेले असत. दगड जोडायला चिखल वापरलेला असे. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि भिंत आत-बाहेर अशी दोन्हीकडे ढासळली.

माळवद म्हणजे लाकडी खांब, तुळया आणि फळ्या यांवर पसरलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राहावे आणि पावसात गळू नये म्हणून दर काही वर्षांनी त्यावर नवी माती पडे. पिढ्यान्पिढ्या हा थर वाढत गेला. म्हणजे झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर कित्येक टन माती होती. विशेष म्हणजे अनेक घरांत भिंती पडल्या तरी लाकडी सांगाडा जागेवर उभा राहिला. पारंपरिक बांधणी सगळीच चुकीची नव्हती. तिच्यातले काही भाग भूकंपात टिकणारे होते. ही गोष्ट पुढच्या धोरणात फारशी लक्षात घेतली गेली नाही.

आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. त्या वेळच्या भारतीय मानकाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. दख्खनचे पठार स्थिर समजले जाई. १९९२ साली किल्लारी परिसरात काही महिने लहान धक्के जाणवत होते आणि लोक घाबरून घराबाहेर झोपत होते. पण नकाशा सांगत होता की येथे मोठा भूकंप होणार नाही. २००२ साली सुधारलेल्या मानकात पहिले क्षेत्रच रद्द झाले. आज किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात येते. भारतात भूकंपाच्या धोक्यापासून पूर्ण मुक्त प्रदेश नाही, हे या एका बदलाने अधिकृतपणे मान्य केले.

३. अ, ब आणि क

भूकंपानंतर महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या सुमारे २४ कोटी ६० लाख डॉलरच्या कर्जाच्या आधाराने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. हा कार्यक्रम १९९८च्या अखेरपर्यंत चालला. गावांची तीन वर्गांत विभागणी झाली.

- 'अ' वर्ग : सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे. ही दुसऱ्या जागी नव्याने वसवायची.
- 'ब' वर्ग : २२ गावे. यांची पुनर्बांधणी गाव न हलवता करायची.
- 'क' वर्ग : १३ जिल्ह्यांतील दोन हजारांहून अधिक गावे. येथील सुमारे २ लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे. यासाठी घरटी १७ हजार रुपयांची मदत ठरली.

कागदावर ही विभागणी सुटसुटीत आहे. आता आपले तीन प्रश्न तिला विचारून पाहू.

४. घर कोणाला?

'अ' वर्गातील गावांत नव्या घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या शेतजमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४५० चौरस फूट आणि ७ हेक्टरांपेक्षा अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट.

हा नियम कुठून आला? सर्वांना एकसारखे घर दिले तर मोठा वाडा गमावलेला शेतकरी नाराज होणार होता. जेवढे गेले तेवढेच द्यावे तर गेले किती, हे मोजायला पडलेल्या घरांच्या नोंदी नव्हत्या. गावठाणातील घरांची ग्रामपंचायतीकडे करआकारणीपुरती नोंद असते. तिच्यात नेमके मोजमाप किंवा नकाशा सहसा नसतो. शेतजमिनीचा सातबारा मात्र प्रत्येक तालुक्यात व्यवस्थित उपलब्ध होता. म्हणून घराच्या प्रश्नाला शेताचा कागद जोडला गेला. प्रशासनाच्या दृष्टीने हा झटपट मार्ग होता. यादी लवकर झाली, वाद मर्यादित राहिले.

या झटपट मार्गाची किंमत कोणी दिली? शेतमजूर, कारागीर आणि छोटे दुकानदार यांनी. ज्याच्या नावावर शेत नाही त्याचे जुने घर केवढेही असो, त्यात कितीही माणसे राहत असोत, वाट्याला २५० चौरस फूटच आले. २५० चौरस फूट म्हणजे साधारण १६ फूट लांब आणि तितकीच रुंद जागा. स्वयंपाक, झोपणे, धान्य, सरपण, विणकामाचा माग किंवा शिवणयंत्र, सगळे तेवढ्यात. उलट शेतकऱ्याला बैल बांधायला आणि कडबा रचायला अंगण लागते. ७५० फुटांच्या, शहरी पद्धतीने आखलेल्या घरात त्याचीही सोय नीट झाली नाही.

जमिनीवरून घर ठरवण्यात आणखी एक गोष्ट दडलेली होती. अनेक नव्या गावांत एका आकाराची घरे एका भागात बांधली गेली. त्यामुळे मोठे शेतकरी एकीकडे आणि भूमिहीन दुसरीकडे, अशी आखणी झाली. जुन्या गावातही जातीनुसार वस्त्या होत्याच, आणि ती व्यवस्था न्याय्य होती असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्यात भावकीची, शेजाराची आणि अडीअडचणीला धावून येणाऱ्या दाराची सोय होती. नव्या आखणीने जुनी विषमता घालवली नाहीच, उलट चौरस फुटांच्या हिशेबात ती पक्की केली आणि शेजार मात्र मोडला.

५. घर कुठे?

मराठी मुलखात गावाच्या जमिनीला दोन जुनी नावे आहेत : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मातीची घरे शेकडो वर्षे उभी राहिली, पडली, पुन्हा बांधली, त्यातून साचलेली ही फिकट रंगाची माती. काळी म्हणजे पिकाची जमीन. ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी काळी माती घराच्या पायाला त्रासदायक असते. लोक पांढरीत राहत आणि काळीत राबत. या विभागणीमागे श्रद्धा होती, तसे पायाचे व्यवहारज्ञानही होते.

भूकंपानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ढिगाऱ्यांतून माणसे निघत होती. ज्या जागेने एका घरातले चार-पाच जीव घेतले, तिथे परत पाऊल ठेवायची इच्छा अनेकांना नव्हती. गाव हलवा, ही मागणी त्या दुःखातून आली आणि ती स्वाभाविक होती. शासनानेही ती उचलून धरली. पण दुःखाचा वेग आणि भूसंपादनाचा वेग सारखा नसतो. नव्या गावासाठी जमीन शोधायची म्हणजे कोणाची तरी काळी घ्यायची. मग मोजणी, मोबदला, आराखडा, पाण्याची योजना, रस्ते, देणगीदार संस्थांशी करार आणि ठेकेदारांची निवड. हे सगळे होईपर्यंत लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. उन्हाळ्यात मराठवाड्याचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. जाड मातीच्या छपराखाली वाढलेल्या माणसांना पत्र्याखालचा मे महिना काय वाटला असेल, याची कल्पना करा.

स्थलांतराने वेळ वाढतो तो असा. पडलेल्या घराच्या जागी घर बांधायला जागेचा निर्णय लागत नाही. गाव हलवायचे ठरले की घराआधी नवे गाव तयार करावे लागते.

नवी गावे तयार झाली तेव्हा त्यांतील रस्ते सरळ आणि रुंद होते. चौकोनी आखणीमुळे गावाचा पसारा जुन्या गावठाणाच्या कित्येक पट झाला. भिंत पडली तरी रस्ता मोकळा राहावा, हा अभियंत्यांचा हेतू योग्य होता. पण एवढे रस्ते, नळ आणि गटारे दुरुस्त ठेवण्याइतके ग्रामपंचायतीचे उत्पन्न नव्हते. काहींची शेते दूर गेली. अरुंद गल्लीत सावलीला बसून होणाऱ्या गप्पा रुंद रस्त्यावर होईनात.

या प्रकरणातून एक सर्वसाधारण नियम हाती लागतो. पुढच्या पन्नास वर्षांची जागा भयाच्या पहिल्या पन्नास दिवसांत ठरवू नये. तोवर चांगला तात्पुरता निवारा द्यावा आणि निर्णयाला थोडा वेळ द्यावा. तात्पुरत्या निवाऱ्यावर केलेला खर्च वाया जातो असे अंदाजपत्रकात दिसते. प्रत्यक्षात विचार करायला लागणारी उसंत त्यातूनच मिळते.

६. घर कोण बांधणार?

'अ' वर्गात घरे बांधली ती ठेकेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी. देशभरातून मदत आली होती. उद्योगसमूह, सेवाभावी संस्था आणि वृत्तपत्रांचे निधी यांनी गावे दत्तक घेतली. प्रत्येकाचा आराखडा आणि साहित्य वेगळे होते. ज्यांच्यासाठी घर बांधले जात होते ते बऱ्याच ठिकाणी प्रेक्षक होते. दगडाची तर सर्वांनाच दहशत बसली होती. 'दगडाने मारले' ही भावना इतकी खोल होती की चांगल्या बांधणीचे दगडी घरही कोणाला नको होते. सिमेंटचे घर म्हणजे सुरक्षित घर, हे समीकरण पक्के झाले. पुढे कुटुंब वाढले तेव्हा याच घरांना लोकांनी स्वतःच्या पैशाने खोल्या जोडल्या. त्या जोडताना भूकंपरोधक तंत्र वापरले गेलेच असे नाही, कारण मूळ घर बांधताना ते तंत्र घरमालकाने कधी पाहिलेच नव्हते.

'क' वर्गातील दुरुस्तीचा कार्यक्रम वेगळ्या दिशेने गेला. येथे घर मालकाने स्वतः दुरुस्त करायचे होते. भिंतीत आरपार दगड घालणे, दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा ओतणे, कोपरे बांधून घेणे, माळवदाची माती कमी करून छप्पर हलके करणे, अशी ही साधी कामे होती. सुरुवातीला लोकांचा विश्वास नव्हता. १७ हजारांत काय होणार, त्यापेक्षा नवे घर द्या, अशी मागणी होती. येथे गावोगावच्या महिलांची भूमिका निर्णायक ठरली. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने महिला मंडळांमधून 'संवाद सहायक' तयार केले. या बायका घरोघरी जाऊन योजना समजावून सांगत, हप्ता का अडला ते विचारत, गवंड्याने पट्टा घातला की नाही ते पाहत. हजाराहून अधिक गावांत हे काम झाले.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी येथे थांबून विचार करावा. तंत्र तेच, मानक तेच. 'अ' वर्गात ते तयार घराच्या रूपाने आले आणि दाराशीच थांबले. 'क' वर्गात ते गवंड्याच्या आणि घरच्या बाईच्या हाती गेले. पुढच्या खोलीत कोणते तंत्र उतरेल, हे यावरून सांगता येते.

७. कच्छ : उलट वाट

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी गुजरातमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. शाळांच्या प्रजासत्ताक दिनाच्या फेऱ्या रस्त्यावर होत्या. अधिकृत आकडेवारीनुसार १३,८०५ माणसे दगावली. सुमारे १२ लाख घरे पडली किंवा त्यांचे नुकसान झाले. कच्छमधील भुज, भचाऊ, अंजार आणि रापर ही शहरे उद्ध्वस्त झाली. दोन आठवड्यांच्या आत, ८ फेब्रुवारीला, राज्य शासनाने आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन केले.

किल्लारीचा अनुभव ताजा होता. केंद्र सरकारने नेमलेल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन समितीचे उपाध्यक्षपद शरद पवार यांच्याकडे होते. किल्लारीच्या वेळी ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. गुजरात शासनाच्या सुरुवातीच्या विचारातही गावे हलवण्याचा पर्याय होता. पण १९९८च्या चक्रीवादळानंतर उभ्या राहिलेल्या 'कच्छ नवनिर्माण अभियान' या संस्थांच्या जाळ्याने आणि खुद्द गावांनी त्याला विरोध केला. बहुतांश गावांनी आहे त्याच जागी राहणे पसंत केले. विहिरी, तळी, देवस्थाने आणि चराऊ रान सोडून जायला ती तयार नव्हती.

मग शासनाने मालकाच्या हाती बांधकाम देण्याचे धोरण स्वीकारले. अभियंत्यांनी प्रत्येक घराची पाहणी करून हानीनुसार पाच श्रेणी ठरवल्या. अनुदान थेट बँक खात्यात, हप्त्याहप्त्याने जमा होई. पाया, पट्टे आणि छप्पर तपासून अभियंत्याने दाखला दिला की पुढचा हप्ता मिळे. गवंड्यांना प्रशिक्षण दिले गेले. नवे घर नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याचा आग्रह धरला गेला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील ज्या महिलांनी दुरुस्तीच्या कामात भाग घेतला होता, त्यांच्यापैकी काही जणी कच्छला जाऊन तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. एका भूकंपातील शहाणपण दुसऱ्या भूकंपात पोहोचण्याचा हा आपल्या इतिहासातील दुर्मीळ प्रसंग आहे.

परिणाम स्पष्ट होता. कच्छच्या ग्रामीण भागात पुनर्बांधणी किल्लारीच्या मानाने बरीच वेगाने झाली. जागा ठरलेली होती, बांधणारा ठरलेला होता, पैशाचा मार्ग ठरलेला होता. तीनपैकी दोन प्रश्न जवळजवळ पहिल्या दिवशीच सुटले होते.

तिसरा प्रश्न मात्र उरला : घर कोणाला?

८. भुज शहर : मालक नसलेली माणसे

भुजच्या तटबंदीआतील जुन्या शहरात दाट वस्ती होती. गल्ल्या इतक्या अरुंद की ढिगाऱ्यांमुळे मदत आत जाऊ शकली नाही. म्हणून तिथे लगेच बांधकामाला परवानगी न देता आधी नव्याने नगररचना करायचे ठरले. आठ योजना आखल्या गेल्या. रस्ते रुंद करण्यासाठी प्रत्येक भूखंडातून काही भाग कापला गेला. अगदी लहान भूखंड त्यातून वगळले आणि भूखंड मोठा तसा कापही अधिक ठेवला. कल्पना न्याय्य होती आणि आजच्या भुजमध्ये तिचे फळ दिसते. पण त्यासाठी प्रत्येक वाड्याची हद्द, वारस आणि वाटण्या तपासाव्या लागल्या. पिढ्यान्पिढ्या न झालेल्या वाटण्या, मुंबईला किंवा परदेशी गेलेले भाऊ, तोंडी व्यवहार, सगळे त्या दोन वर्षांत बाहेर आले. शहरातील माणसे गावांतील माणसांपेक्षा जास्त काळ तात्पुरत्या निवाऱ्यात राहिली याचे मोठे कारण हेच.

मालकांना निदान वाट पाहण्यासारखे काही होते. भाडेकरूंना तेही नव्हते. जुन्या भुजमध्ये कित्येक कुटुंबे अनेक वर्षे अल्प भाड्याने राहत होती. घरबांधणीचे अनुदान मात्र मालकासाठी होते. इमारत पडली तेव्हा भाडेकरूचे छप्पर, सामान आणि स्वस्त भाड्याचा हक्क अशा तिन्ही गोष्टी एकदम गेल्या. मालकाने नवी इमारत बांधली तरी जुन्या भाडेकरूला जुन्या भाड्यात परत घेण्याचे त्याला कारण नव्हते. सार्वजनिक जमिनीवर झोपड्या बांधून राहिलेल्यांची स्थितीही अशीच होती. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतील तात्पुरत्या निवाऱ्यांत अशी कुटुंबे वर्षानुवर्षे राहिली. बाजारातील रोजगार दूर गेला आणि येण्याजाण्याचा खर्च वाढला. पुनर्बांधणी पूर्ण होत आली असे अहवाल येत असतानाही ही माणसे 'तात्पुरती'च होती.

किल्लारीचा भूमिहीन आणि भुजचा भाडेकरू यांना शेजारी उभे करून पाहा. एकाला लहान घर मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाही. कारण दोघांचेही एकच. मदतीची यादी 'येथे कोण राहत होते' हे विचारून झाली नाही, 'येथे कोणाच्या नावावर काय आहे' हे विचारून झाली. पहिला प्रश्न विचारायला वेळ लागतो, शेजाऱ्यांची साक्ष लागते, वाद होतात. दुसऱ्याचे उत्तर दप्तरात तयार असते. घाईच्या वेळी तयार उत्तर निवडले जाते. म्हणून मालकाने सुटका लवकर पाहिली आणि इतरांचे बेघरपण लांबले.

९. कायदा, नोंदी आणि पुढचा भूकंप

या दोन भूकंपांनी देशाच्या कारभारात बदल घडवले. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यात मदतीचे किमान निकष ठरवण्याची तरतूद आहे आणि निवारा, अन्न, पाणी यांबरोबर विधवा व अनाथ यांच्यासाठी विशेष तरतुदीचा उल्लेख आहे. मालकाच्या हाती बांधकाम देण्याची पद्धत पुढे रूढ होत गेली. आज भुजियो टेकडीवर २०२२ साली उघडलेले 'स्मृतिवन' हे भव्य स्मारक आहे.

नोंदींच्या बाबतीतही काही हालचाल झाली. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरमालकांना मिळकतीचा कागद दिला जातो. किल्लारीच्या वेळी असा कागद असता तर घराचे क्षेत्रफळ सातबाऱ्यावरून ठरवावे लागले नसते. योजना उपयोगी आहे. पण तिच्या नावातच तिची मर्यादा आहे : ती स्वामित्वाची नोंद करते. भाड्याने राहणारा, दुसऱ्याच्या जागेत झोपडी घालणारा, भावाच्या घरात एका खोलीत संसार करणारी विधवा, यांचे राहणे कोणत्याच कागदावर येत नाही. देशातील शहरे भाडेकरूंनी भरत चालली असताना ही उणीव वाढत जाणार आहे. हिमालयाच्या पायथ्याची, ईशान्येची आणि दिल्ली परिसराची मोठी शहरे वरच्या धोक्याच्या क्षेत्रांत आहेत. तुमच्यापैकी अनेक जण आज त्या शहरांत वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहून शिकत असाल. उद्या ती इमारत पडली तर यादीत तुमचे नाव कुठे असेल, हे स्वतःला विचारून पाहा.

तुमच्यातले काही जण पुढे अभियंता, सर्वेक्षक किंवा महसूल अधिकारी होतील. एखाद्या पडक्या घरापुढे उभे राहून श्रेणीच्या रकान्यात खूण करण्याचे काम तुमच्याकडे येईल. त्या खुणेवर त्या कुटुंबाची पुढची पाच वर्षे ठरतात. अशा वेळी भिंतीचे तडे मोजावेतच. त्याबरोबर आत किती चुली होत्या हेही विचारावे. चूल ही राहण्याची खूण आहे आणि ती कोणत्याही सातबाऱ्यापेक्षा लवकर सापडते.

१०. सारांश

- किल्लारीत घरे पडली ती जोड नसलेल्या दगडी भिंती आणि जड माळवद यांमुळे. पुनर्वसन लांबले ते जागेच्या, लाभार्थ्यांच्या आणि बांधकामाच्या निर्णयांमुळे.
- गाव हलवण्याचा निर्णय दुःखाच्या काळात सोपा वाटतो. त्याने बेघरपणाचा काळ वाढतो आणि गावाची वीण बदलते.
- मालकाने स्वतः बांधलेले घर लवकर उभे राहते आणि तंत्र गावात उरते. 'क' वर्गातील दुरुस्ती आणि कच्छची खेडी यांतून हे दिसते.
- मदत मालकीच्या कागदाला जोडली की भूमिहीन, भाडेकरू आणि झोपडीवासी मागे राहतात. सर्वांत दीर्घ बेघरपण त्यांच्याच वाट्याला येते.

११. स्वाध्याय

१. किल्लारीतील घराच्या क्षेत्रफळाचा नियम प्रशासनाला सोयीचा का वाटला? त्याऐवजी तुम्ही कोणता नियम सुचवाल आणि तो राबवायला किती वेळ लागेल?

२. पांढरी आणि काळी यांसारखी वस्तीची व शेतीची जमीन वेगळी ओळखणारी नावे तुमच्या भाषेत आहेत का? त्यांमागील व्यवहारज्ञान लिहा.

३. तुमच्या घराच्या परिसरातील एका इमारतीत किती कुटुंबे राहतात आणि त्यांपैकी किती जणांकडे राहण्याचा कोणता पुरावा आहे, याची पाहणी करा. ही इमारत पडल्यास कोण यादीत येईल आणि कोण राहून जाईल ते मांडा.

४. 'तात्पुरत्या निवाऱ्यावरील खर्च वाया जातो' या विधानाच्या बाजूने आणि विरोधात प्रत्येकी दोन मुद्दे द्या.